खापराचे डाग

ती घटना आजही आठवते ती खापर तापल्याच्या वासानं. लग्नघराच्या मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ लागला, त्यावर पालथं खापर चढलं, की मला एका बाईचे हात दिसायला लागतात. सगळी हयात पोलीस खात्यात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बनावट नोटा अन् बनावट शिक्के पाहिले. पोलिसाला सहसा कशाचं नवल वाटत नाही, वाटलं तरी तो दाखवत नाही. त्या अंगणात मात्र मी थक्क झालो होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं हयात आहेत आणि बाजारहाटाला अजून भेटतात.

तेव्हा मी नरडाण्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीची पोरं घरी जायच्या घाईत होती आणि ठाणे अंमलदार डायरीत नोंदी उतरवत बसला होता. तेवढ्यात बाजारातली कासारीण आत आली. बांगड्यांच्या दुकानावर बसणारी, तालुक्यातल्या निम्म्या लेकीसुनांना बांगड्या भरणारी बाई. तिला सगळे काकू म्हणायचे.

"साहेब, तक्रार द्यायची नाही मला," तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "फक्त कानावर घालायचं आहे."

तक्रार द्यायची नाही म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरं बोलतो, हा माझा अनुभव. मी तिला बसवलं, चहा मागवला.

आदल्या दिवशी ती जवळच्या एका गावात लग्नघरी बांगड्या भरायला गेली होती. आमच्याकडे लग्नाआधी कासारीण घरी येते, नवरीला हिरव्या बांगड्या भरते आणि घरातल्या सगळ्या बायकांनाही भरते. नवरीची थोरली बहीण सासरहून आली होती. तिचा हात काकूनं साबणाच्या पाण्यानं ओला केला, बाही वर सारून कोपराजवळ धरला आणि बांगडी सरकवली. हात सोडला तेव्हा काकूच्या फडक्याला रंग लागला होता. कातडीच्या रंगाचा.

"खाली डाग होते साहेब. भाजल्याचे. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, खापरना डाग शेत, काकू."

"मग असतील खापराचे," मी मुद्दामच म्हणालो.

काकू माझ्याकडे बघत राहिली. "साहेब, तुम्ही इकडचेच ना? खापराच्या डागाला कोणी रंग लावतं का? आमच्या बायका तर ते मिरवतात."

ज्यांना खान्देश ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर होत नाही, पालथ्या घातलेल्या मातीच्या मोठ्या खापरावर होते. तिला आम्ही मांडा म्हणतो. सैल पिठाची ती पोळी बाई दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठी करते आणि तापलेल्या खापरावर अलगद पसरते. शिकताना चटके बसतात, बोटांना, मनगटांना. रावेरकडच्या आमच्या केळीवाल्या घरात माझ्या आईच्या हातांवर असे डाग होते. नवीन सून आली की ती तिला आधी आपली बोटं दाखवायची आणि मग पीठ भिजवायला सांगायची. काकूचं म्हणणं मला लगेच पटलं.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि चहाचा पेला मी खाली ठेवला. धाकटीचं लग्न थोरलीच्या सख्ख्या दिराशी ठरलं होतं. दोघी बहिणी एकाच घरात जाणार होत्या. चार दिवसांवर लग्न आलं होतं.

आता अडचण सांगतो. सासरच्या छळाच्या गुन्ह्यात बाईनं स्वतः किंवा तिच्या नातलगानं फिर्याद दिली तरच आमचा हात चालतो. कासारणीच्या फडक्यावरच्या रंगावर गुन्हा दाखल होत नाही. वर्दीतला शिपाई पाठवला असता तर बाई नाही म्हणाली असती, बातमी नवऱ्यापर्यंत गेली असती आणि त्याची किंमत तिनं घरी गेल्यावर मोजली असती. पोलिसाची घाई पुष्कळदा फिर्यादीला भोवते.

लग्नाची पत्रिका मात्र माझ्या टेबलावरच पडलेली होती. मुलींचा बाप माझ्या ओळखीचा. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. धोतर, टोपी, ताठ कणा, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. नवराबायकोची कितीतरी भांडणं त्यांनी ओट्यावर बसून मिटवलेली. ठाण्यात आलेली भांडणंसुद्धा "साहेब, घरातली गोष्ट घरात राहू द्या" म्हणून ते परत घेऊन जायचे आणि मुलीला नांदायला लावून द्यायचे. हे सगळं त्यांची थोरली लेक लहानपणापासून दाराआडून ऐकत आली होती. ती बापाला का बोलली नसेल, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

माझ्या महिला हवालदार बाई धुळ्याच्या, बोलायला गोड आणि नजरेला तिखट. आम्ही दोघं साध्या कपड्यांत गेलो. "आबा, लग्नाच्या दिवशी बंदोबस्त आहे, यायला जमणार नाही. म्हटलं आजच मांडे खाऊन जावं," मी सांगितलं. आबा खूश झाले. पोलीस साहेब आपणहून जेवायला आला, याचा त्यांना केवढा अभिमान. मी आईच्या हातच्या मांड्यांची आठवण काढली आणि खापराजवळ बसायचा हट्ट धरला. मागच्या अंगणात बायकांनी हसत हसत माझ्यासाठी पाट टाकला.

तीन खापरं लागली होती. मधल्या खापरावर ती होती. अंगावर कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं, डोक्यावर पदर. तिनं पुरण भरलेला गोळा घेतला, थापला आणि हातांवर घेतला. मग ती पोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ लागली, आणि दर वेळी वाढू लागली. घाई नाही, झटका नाही. बघता बघता पोळी कोपरापर्यंत आली, इतकी पातळ की तिच्यातून मला पलीकडचा जाळ दिसत होता. आता फाटणार, असं मला दर क्षणी वाटत होतं. ती फाटली नाही. एकदा हात उलटे झाले आणि पोळी खापरावर पसरली, एकही सुरकुती नाही. खापराला तिचं बोट लागलंच नाही. मी आईचे मांडे पाहत मोठा झालो, पण असा हात मी पाहिला नव्हता. हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तोंड मिटा."

थोड्या वेळानं मी गंमत केली. "माझ्या आईचे हात खापरानं भाजलेले होते. तुमच्यापैकी कोणाकोणाचे आहेत, बघू द्या."

बायकांच्या उत्साहाला ऊत आला. एक म्हातारी मावशी म्हणाली, "पोलीस शे ना भाऊ, आते हातबी तपासस." सगळ्या हसल्या आणि एकेकीनं हात पुढे केले. कोणाच्या अंगठ्यावर डाग, कोणाच्या मनगटावर, कोणाची बोटं चांगलीच काळवंडलेली. मावशी आपले डाग एखाद्या बिल्ल्यासारखे दाखवत होती. मग थोरलीनंही हात पुढे केले, करावेच लागले. बोटं स्वच्छ. मनगटं स्वच्छ.

"हिना हातवर काय देखतस भाऊ," मावशी कौतुकानं म्हणाली. "हिले खापर कधीच चटका देस नही. लहानपनपासून नही."

मावशीनं भाचीचं कौतुक केलं होतं. पण माझ्यापुरता तपास तिथेच लागला. ज्या बाईला खापर कधी भाजत नाही, तिच्या कोपराजवळ खापराचे डाग आले कुठून? बोटं आणि मनगटं सोडून जाळ एकदम कोपराशी कसा पोचला? थोरलीच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

मावशी पाण्याला उठली, दुसऱ्या खापरांवरच्या बायका आपापल्या गप्पांत गुंतल्या. हवालदार बाई तिच्या शेजारी सरकून बसल्या. मी चौकशीचे प्रश्न मनात जुळवत होतो, म्हणजे कोण, कधीपासून, कशानं. नोकरीत हजारदा विचारलेले. ते मी विचारले असते तर ती खापराचं नाव घेऊन मोकळी झाली असती, आणि आम्ही जेवून परत आलो असतो. मी दुसरंच विचारलं.

"अक्का, तुमच्या धाकट्या बहिणीला मांडे करता येतात का?"

तिनं नुकतीच एक पोळी खापरावर टाकली होती. तिचे हात तसेच राहिले.

"नही येस तिले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

तिनं पोळी उलटली नाही. खापरावरच्या पोळीला आधी तांबूस, मग काळे डाग पडू लागले, मग धूर निघाला. मावशी पाणी घेऊन परत आली आणि दारातच थबकली. "अवं माय, हिना मांडा जळना?" तिनं विचारलं. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

थोरली उठली. अंगणाच्या कडेला पाण्याची टाकी होती, कपडे धुवायचा साबण होता. तिनं बाह्या दंडापर्यंत वर केल्या आणि हात धुवायला घेतले. पाणी कातडीच्या रंगाचं होऊन वाहत होतं. ती घासत होती, परत पाणी ओतत होती, परत घासत होती. बायकांच्या गप्पा थांबल्या. कोपराच्या आतून दंडाच्या मागपर्यंत एकाखाली एक सरळ पट्टे दिसायला लागले, काही पांढरे पडलेले, काही अजून लालसर.

ती ओल्या हातांनी तशीच घरातून पुढे ओट्यावर गेली. आम्ही मागोमाग. ओट्यावर आबा पाहुण्यांच्या घोळक्यात बसले होते, भावकी होती, समितीचे दोन सदस्यही होते. ती बापासमोर उभी राहिली.

"आबा, हाई देखा."

आबांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग विचारलं, "कोणी?"

"तुमना जवाईनी." मग दाराकडे बोट करून ती म्हणाली, "मनं मी झाकी लिनं आबा. हिले कसं झाकसू?"

नवरी दारात आली होती, हातात हिरव्या बांगड्या. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्यांच्या लेकींना नांदायला धाडणारा तो माणूस आता माझ्याकडे वळला. ते म्हणाले, "साहेब, फिर्याद लिहा. माझ्या नावानं."

"नही आबा," लेक म्हणाली. "फिर्याद मनी शे."

सांगायला संकोच वाटत नाही, त्या ओट्यावर माझे डोळे भरून आले. भीतीनं गप्प बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. भीती हातावरून धुऊन टाकणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढचं काम शिरस्त्याप्रमाणे झालं. हवालदार बाईंनी फिर्याद घेतली. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की डाग वेगवेगळ्या काळातले आहेत, पण रुंदी सगळ्यांची सारखी. जबाबात तिनं सांगितलं, भाजी वेळेवर नाही, उत्तर दिलं, माहेरी फोन केला, असल्या कारणांवरून नवरा उलथणं गॅसवर तापवायचा. तिथे, जिथे पोलकं झाकेल.

झाकण्याचं तिनं सांगितलं ते ऐकून हवालदार बाईंची लेखणी थांबली. काम करताना बाही वर सरकते, म्हणून खाली रंग लावायचा. एका क्रीमनं रंग जमत नाही, म्हणून ती दोन रंगांची क्रीमं कालवायची. त्यात चिमूट हळद. उन्हाळ्यात हात काळवंडतात तेव्हा चुलीच्या राखेचा हलका हात. भांडी घासली की परत लावायचं, घाम येईल असं काम असेल तर आधी पावडर. दिवाळीला, सणावाराला माहेरी जायचं तर घरात सगळ्यांच्या आधी उठून. आई वारलेली, बापाची नजर अधू, बहीण लहान. सगळ्यांना तिनं वर्षानुवर्षं चकवलं होतं. बनावट नोटा छापणाऱ्याला मी एकदा पकडलं होतं, त्याची सफाई हिच्यापुढे काहीच नव्हती. आणि हे सगळं कौशल्य बापाची मान खाली जाऊ नये म्हणून.

नवऱ्याला दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतलं. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पर्यवेक्षक होता. इस्त्रीचा सदरा, हळू आवाज, दर वाक्याला "साहेब". अशा माणसाच्या शेजाऱ्यांना त्याच्याबद्दल विचारलं तर तक्रार मिळत नाही.

"साहेब, ते खापराचे डाग आहेत. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा," तो म्हणाला.

गल्लीला त्यानंच ते सांगून ठेवलं होतं, आम्ही विचारून आलो होतो. मी म्हणालो, "खापराजवळ कधी बसलात का तुम्ही?"

"पुरुष कशाला बसतील साहेब? ते बायकांचं काम."

"म्हणून चुकलात," मी म्हणालो. "खापर बोटं भाजतं. दंड भाजत नाही. आणि खापर गोल असतं."

पंचांसमोर त्याच्या स्वयंपाकघरातून जप्त केलेलं उलथणं मी टेबलावर ठेवलं, शेजारी डॉक्टरांनी मोजलेली डागाची रुंदी. दोन्ही तंतोतंत जुळत होती. आयुष्यभर मांडे खाल्ले, पण ते करणाऱ्या बाईकडे त्यानं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर त्यानं दुसरी सबब शोधली असती. त्यानं उलथण्याकडे पाहिलं, पाणी मागितलं आणि मग विचारलं, "म्हणजे ती बोलली?"

त्याला उलथणं सापडल्याचं नवल नव्हतं, ती बोलल्याचं होतं. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून त्या वाक्याचा मला कागदावर काही उपयोग नव्हता. डॉक्टर, पंच, कासारीण आणि थोरलीची स्वतःची साक्ष पुरेशी झाली. कोर्टात उलटतपासणीला ती उभी राहिली तेव्हा वकिलानं "हे खापराचे कशावरून नाहीत?" असं विचारलं. तिनं न्यायाधीशांसमोर आपली दहाही बोटं पसरून धरली. त्याला शिक्षा झाली.

लग्न त्याच दिवशी मोडलं, आणि ते धाकटीनं मोडलं. नवरदेव मुलगा कदाचित चांगलाही असेल, त्याच्यावर आमच्याकडे काही आलं नाही. पण तो त्याच घरात राहत होता आणि त्या घराच्या भिंती पातळ होत्या. केलेले मांडे आबांनी गावात घरोघर वाटले. लोकांनी निमित्त विचारलं तर म्हणायचे, "लेक घरी आली." तंटामुक्तीचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं नाही. उलट त्यानंतर एखाद्या लेकीचं भांडण आलं की ते तिला एकटीला बोलावून आधी विचारायचे, पोरी, हात दाखव.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? तपासात आम्ही नेहमी शोधत असतो ते लपवलेलं. पण क्रीमखाली लपलेलं साबणानं निघतं. खरं लपतं ते सगळ्यांना पटणाऱ्या कारणाखाली, ज्याच्यावर गावात कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. त्यानंतर कोणी मी न विचारता खुलासा केला की मी तो नीट ऐकायचो आणि आणखी एक प्रश्न विचारायचो. दुसरं शिकलो ते हे, की माणूस स्वतः जे सोसतो ते दुसऱ्यावर येऊ लागलं की त्याच्या अंगी बळ येतं. ते कुठून येतं, हे मला अजून कळलेलं नाही. कळावं असंही नाही. पाहायला मिळालं, एवढं पुरे.

निवृत्तीनंतर मी जळगावला राहतो. एकदा सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारून परत येताना एका गल्लीत मला खापराचा वास आला. वासामागे गेलो तर एका घराच्या पडवीत दोन खापरं आणि पाठमोऱ्या दोन बायका. थोरलीनं मला ओळखलं. "भाऊ, बसा," म्हणाली, आणि पाट टाकला. दोघी बहिणींनी जळगावला येऊन मांड्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. थोरलीच्या पोलक्याच्या बाह्या आखूड होत्या, हातांवर रंगाचा मागमूस नव्हता. पोळी तशीच वाढत होती, मी तसाच बघत होतो.

तेवढ्यात मांडे न्यायला एक कॉलेजातली मुलगी आली. तिची नजर त्या दंडांवर गेली. "ताई, हे खापराचे डाग का हो?" तिनं सहज विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली, हात न थांबवता. "हे एका माणसाचे. खापराचे बघायचे असतील तर हिचे बघ."

धाकटीनं हसत आपली भाजलेली बोटं तिच्यापुढे धरली.